माझी भेग बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुना खल आहे, अकीक दगडाचा. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात म्हणे. तुम्ही तसे काही करू नका. पाण्याशी माझे फारसे सख्य नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

माझ्या काठापासून तळापर्यंत एक बारीक भेग गेली आहे. उजेडात धरले तर ती पांढऱ्या केसासारखी दिसते. ह्या भेगेवरून माझ्यावर मोठा आरोप झाला आणि मला फेकून देण्याचा हुकूमही निघाला. त्या आरोपाला तेव्हा मला तोंडाने उत्तर देता आले नाही. म्हणून आज देतो आहे.

माझा जन्म एका कारागिराच्या चाकाखाली झाला. अकीक फार कठीण असतो. चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. मला पोटाशी खोलगट करताना कारागिराच्या चाकाची धार पुन्हा पुन्हा बोथट होत असे. एकदा तो वैतागून आपल्या बायकोला म्हणाला, "हा दगड अगदी तुझ्या भावावर गेलाय. कितीही घासा, आपलंच खरं करतो." त्याच्या बायकोने शांतपणे चाकावर पाणी ओतले आणि म्हटले, "मग माझ्या भावासारखा टिकेलही." मी तेव्हाच ठरवले, टिकायचे. त्याच दगडाच्या उरलेल्या तुकड्यातून त्याने माझा बत्ता घडवला. आम्ही सख्खे भाऊ. माझ्या अंगावर राखाडी आणि चहाच्या रंगाचे पट्टे आहेत. त्यातला एक पट्टा अर्धा माझ्याकडे आहे आणि अर्धा बत्त्याकडे.

तिथून आम्ही एका औषधांच्या प्रयोगशाळेत आलो. लांबलचक टेबल, एक बेसिन, नीट बंद न होणारा नळ, आणि फाटकाकडे उघडणारी एक खिडकी. खिडकीशेजारच्या फळीवर माझी जागा होती. औषधाची भुकटी माझ्यात घालायची, बत्त्याने घोटायची, बारीक झाली की काढून घ्यायची, हे आमचे काम. तुम्हाला ते कंटाळवाणे वाटेल. आम्हाला कधी वाटले नाही.

ज्या औषधाशी माझी गाठ पडली ते फिट्स येणाऱ्या माणसांसाठी होते. औषध गुणी होते, पण एका बाबतीत महाहट्टी. ते पाण्यात विरघळत नसे. आता पोटात गेलेले औषध आधी विरघळले तरच रक्तात उतरते. विरघळलेच नाही, तर ते आत जाते आणि तसेच बाहेर पडते, समारंभाला येऊन न जेवता परत गेलेल्या पाहुण्यासारखे. म्हणून ह्या औषधाच्या गोळ्या मोठाल्या होत्या आणि पुष्कळ घ्याव्या लागत. त्यातले थोडेसेच कामी येई. ते थोडेसेही रोज सारखे नसे.

हट्टाचे कारण त्याच्या स्फटिकात होते. स्फटिक म्हणजे शिस्तीत उभी राहिलेली कणांची फौज. प्रत्येक कणाने शेजाऱ्याचा हात धरलेला असतो. ह्या औषधाच्या कणांनी एकमेकांचे हात इतके घट्ट धरले होते की पाण्याला मध्ये शिरायला जागाच मिळत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली ते जाड फरशांसारखे दिसत. मला ते आवडायचे. माझ्याच स्वभावाचे होते.

आता भेगेबद्दल. मोठे साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, तेव्हा मोठे नव्हते आणि साहेबही नव्हते. नुकतेच नोकरीला लागलेले, सदा घाईत. एके सकाळी त्यांनी मला धुऊन ओव्हनमध्ये वाळत ठेवले, तापलेला असतानाच बाहेर काढले आणि थेट गार नळाखाली धरले. टक्क असा आवाज झाला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग मला नीट पुसले आणि भेग भिंतीकडे करून फळीवर ठेवून दिले. मित्रांनो, मी माझी भेग कधीच लपवली नाही. जी लपवली, ती दुसऱ्याने.

वर्षे गेली. साहेब मोठे झाले, त्यांचे केस पिकले. नवी यंत्रे आली. स्टीलची एक गिरणी आली. ती एकटीच गरगर फिरून भुकटी करी आणि फार आवाज करी. माझ्याकडे लोकांचे लक्ष कमी होऊ लागले. त्याच सुमारास ताई आली.

तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ती कमी बोलणारी. बत्ता हातात धरण्याची तिची रीत मला पहिल्याच दिवशी पटली. जोर लावायची नाही, गोल गोल फिरवत राहायची. घोटताना तिचा फोन खांद्याला आणि कानाला चिकटलेला असे, आणि फोनवर एकच विषय असे. गोळ्या घेतल्यास का, चहाबरोबर घेतल्यास की रिकाम्या पोटी, पोटात मळमळतेय का. पलीकडून धाकटा काहीतरी खोडसाळ बोले आणि ती नाकातल्या नाकात हसे.

धाकट्याला लहानपणापासून फिट्स येत. तो दुकानांच्या पाट्या रंगवत असे. अक्षर असे की वाटसरू थांबून बघत. पण पाटी उंच जागी चढवायची वेळ आली की शिडीवर दुसराच कोणीतरी चढे. भिंतीवर थेट रंगवायची मोठी कामे तर त्याला मिळतच नसत. त्याच्या गोळ्या एखाद्या दिवशी नीट विरघळत, एखाद्या दिवशी नाही. फिट कोणत्या दिवशी येईल ते सांगता येत नसे. अशा माणसाला शिडीवर कोण चढवणार? मूठभर गोळ्या घेऊनही त्याचे आयुष्य जमिनीवरच चालले होते. ताई हेच औषध सुधारण्याच्या कामावर होती, आणि तिथे ती योगायोगाने आली नव्हती.

तिने औषध गरम अल्कोहोलमध्ये विरघळवले आणि ते हळूहळू निववण्याऐवजी झटक्यात गार केले. कणांना नीट रांगा लावायला वेळच मिळाला नाही. गडबडीत ते जसे जमेल तसे हात धरून उभे राहिले. फरशांच्या जागी बारीक, चमकदार सुया तयार झाल्या. औषध तेच, कण तेच, फक्त पकड ढिली. मग चाचणी झाली. काचेच्या भांड्यात कोमट पाणी, त्यात हळू फिरणारे वल्हे. एका भांड्यात जुन्या फरशा टाकल्या, दुसऱ्यात नव्या सुया. फरशा तळाशी खड्यांसारख्या बसून राहिल्या. सुया बघता बघता दिसेनाशा झाल्या.

त्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. आता गोळी लहान होणार होती. औषधही कमी लागणार होते, कारण घातलेले जवळजवळ सगळे कामी येणार होते. ताईने फोनवर धाकट्याला सांगितले.  त्याने एवढेच विचारले की तिच्या ओळखीत कोणाकडे चांगली शिडी आहे का.

आणि मग माशी शिंकली. गोळी बनवण्यासाठी सुया बारीक घोटायच्या होत्या. स्टीलच्या गिरणीत घोटल्या तर सुया सुयाच राहत. माझ्यात घोटल्या की सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जुन्या फरशा दिसत. एकदा नाही, दर वेळी. जणू माझ्यात काही जादूटोणा होता.

माझ्याविषयी काय काय बोलले गेले ते सांगत नाही. ताईने मला साबणाने धुतले, गरम पाण्याने धुतले, ब्रशने घासले. मी पुन्हा सुयांच्या फरशा केल्या. तिने मला उकळले. मी पुन्हा तेच केले. शेवटी ती बेसिनपाशी मला नळाखाली धरून उभी होती आणि एकाएकी हसू लागली. शेजारचे सहकारी वळून बघू लागले. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून आपल्याला पगार मिळतो. आणि आपण हा खल इतकी वर्षं पाण्याने धुतोय."

खोलीत सगळे ओशाळले. दाराशी उभे असलेले मोठे साहेबही. कारण मला पाण्याने सगळ्यांनीच धुतले होते, त्यांनी तर सर्वांत आधी. बाकीचा मी लख्ख होत असे, पण भेगेत जुन्या औषधाचे कण वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून होते. त्यांना हलवायला योग्य द्रव हवा होता, तो कोणी वापरलाच नाही. त्या जुन्या कणांचे काम सोपे होते. ढिल्या रांगेत एखादा दांडगा माणूस शिरावा आणि 'असे काय उभे आहात, हात घट्ट धरा' असे म्हणून सगळ्यांना आपल्यासारखे उभे करावे, तसे एक जुना कण शेजारच्या सुईला फरशी करून सोडी. ती फरशी पुढच्या सुईला.

मोठ्या साहेबांना हायसे वाटले. गुन्हेगार सापडला होता. खल फेकून द्या, सुया गिरणीत घोटा, आणि गोळ्या बनवायला घ्या, असे त्यांनी सांगितले. ताईने दबक्या आवाजात विचारले की एवढ्याशा जुन्या कणाने सुया बदलत असतील तर बाहेर काय होईल. साहेब म्हणाले की बाहेर कोणाकडे आपला तडकलेला खल नाही.  भेगा फक्त खलालाच पडतात असे नाही, हे मी सांगितले असते, पण मला विचारतो कोण?

मला फुटक्या काचांच्या डब्यात टाकायचे काम ताईकडेच आले. तिने मला आणि बत्त्याला कागदात गुंडाळले आणि आपल्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवले. कोणी ह्याला चोरी म्हणो. मी तिच्या बाजूने आहे.

तिच्या घरी मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईने मला प्रेमाने पुसले आणि माझ्यात मिरीचे दाणे टाकले. जिचा आवाज कधी चढत नाही त्या ताईने धावत येऊन मला हिसकावून घेतले.

"अगं, एवढं काय? सोन्याचा आहे का?" आईने विचारले.

"आई, ह्यात औषध मुरलंय."

"मग चांगलंच की. तुझा भाऊ औषधाला कंटाळतो, मिरीबरोबर जाईल पोटात."

धाकटा हसत सुटला. त्याने मला खिडकीच्या कट्ट्यावर हलवले आणि बत्ता आपल्या कागदांवर वजन म्हणून ठेवला. बत्ता आयुष्यात पहिल्यांदा नुसता पडून राहिला आणि त्याला ते फार आवडले. मला नाही. मी जागा होतो, आणि समोर जे दिसत होते ते बघत होतो.

समोर गॅसवर किटली होती. किटलीच्या शेजारीच धाकट्याच्या गोळ्यांची बाटली होती, कारण तो गोळ्या चहाबरोबर घेई. बाटलीचे झाकण नुसते वर टेकवलेले असे. किटलीची वाफ वर जाताना बाटलीच्या गळ्याला चाटून जाई. ती बाटली फार जुनी होती. नव्या गोळ्या आणल्या की तो त्या ह्याच बाटलीत ओतून ठेवी. तळाशी जुन्या गोळ्यांची पांढरी भुकटी थरावर थर बसली होती.

ताई रोज त्या बाटलीशेजारी चहा करत असे. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणसाला दिसत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या सकाळी धाकटा गोळ्या हातावर घेत मजेत होता. लहान गोळी आली की किती सुटसुटीत होईल, असे तो आईला सांगत होता. "नव्या बाटल्यांची झाकणं कोण उघडणार रोज? मनगट जातं. आणली की सरळ ह्या बाटलीत ओतीन."

ताईचा कप ओठांपाशीच थांबला. तिने बाटलीकडे पाहिले, किटलीच्या वाफेकडे पाहिले आणि मग कट्ट्यावर माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, माझ्याकडे पुष्कळांनी पाहिले आहे. पण इतके नीट कोणी पाहिले नव्हते.

बाहेर तडकलेला खल नाही, असे साहेब म्हणाले होते. हा काय, बाटलीच्या रूपाने त्यांच्याच रोग्याच्या ओट्यावर उभा होता. जुन्या औषधाची भुकटी आणि वर ओल. त्या बाटलीत सुयांच्या गोळ्या पडल्या असत्या तर काही दिवसांत त्यांच्या फरशा झाल्या असत्या. जुनी गोळी निदान मोठी तरी होती. ही लहान गोळी फरशी झाली की पोटात जवळजवळ काहीच उतरले नसते. बाहेरून गोळी तशीच दिसली असती. धाकटा निर्धास्तपणे ती घेऊन शिडीवर चढला असता.

ताईने कप खाली ठेवला आणि त्याला सांगितले की नवी गोळी इतक्यात येणार नाही, ती येऊ देणार नाही.

"का?" त्याने विचारले. तिने बाटलीकडे बोट दाखवून कारण सांगितले.

"मग मी बाटली बदलतो. झालं?"

"तू बदलशील. बाकीचे?"

"बाकीच्यांची बहीण आहेस का तू?"

 आईने गॅस बारीक केला. धाकट्याचा आवाज आता खोडसाळ राहिला नव्हता. "खाली बसून पाट्या रंगवताना लोक माझ्या डोक्यावरून बोलतात, ताई. तुला कळायचं नाही ते." एवढे बोलून तो ब्रश घेऊन बाहेर गेला. दार आपटले नाही, हळूच लावले. ताईला तेच जास्त लागले असावे.  मग तिने मला, बत्त्याला आणि ती जुनी बाटली पिशवीत भरली. आईला तिने दुसरी कोरडी बाटली काढून दिली.

मी प्रयोगशाळेत परत आलो तो पुढच्या दाराने आणि टेबलाच्या मधोमध. मोठ्या साहेबांनी मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. ताईने सगळे समजावले. साहेब म्हणाले की प्रत्येकाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही. बाटली कोरडी ठेवा, असे वेष्टनावर छापू.

"औषध तिथेच राहतं, साहेब," ताई म्हणाली. "आपल्याकडे ते फक्त जन्माला येतं."

साहेबांनी तिला आठवण करून दिली की सगळे तयार आहे, वरून रोज विचारणा होते आहे, आणि ती एकटीच अडून बसली आहे. ती म्हणाली, "हो. बसलेय." एवढेच. मी इतकी वर्षे दगड आहे, पण असे ठाम बसणे मला त्या दिवशी शिकायला मिळाले.

तिने सुयांच्या गोळ्या धाकट्याच्या बाटलीत घातल्या आणि बाटली रोज थोडा वेळ किटलीच्या वाफेत ठेवली, अगदी घरी असते तशी. काही दिवसांनी त्यातल्या गोळ्या काढून कोमट पाण्याच्या भांड्यात टाकल्या. मोठे साहेब स्वतः बघायला आले. वल्हे फिरत राहिले. गोळीचा भुगा झाला, भुगा तळाशी बसला आणि बसूनच राहिला.

साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी मला उचलले. कित्येक वर्षांनी त्यांचा हात मला लागत होता. त्यांनी मला फिरवले आणि भेगेवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"गरम असताना गार पाण्याखाली धरला की अकीक असा तडकतो," ते म्हणाले.

"कोणी धरला होता?" ताईने विचारले.

"होता एक घाईतला माणूस." त्यांनी मला खाली ठेवले. भेग त्यांनी ह्या वेळी भिंतीकडे केली नाही. नुसता विरघळण्याचा वेग पुरे नाही, टिकेल असे काहीतरी करा, असे सांगून ते आपल्या खोलीत गेले.

मग माझे खरे दिवस सुरू झाले. ताईने ठरवले की औषधाच्या कणांना एकमेकांचा हात सोडायचा नसेल, तर त्यांना दुसराच जोडीदार द्यावा. एखादे निरुपद्रवी आम्ल घ्यायचे, औषधात मिसळायचे, अल्कोहोलचा एक थेंब टाकायचा आणि घोटत राहायचे. जमले तर दोघे मिळून एकच स्फटिक बनवतात. त्यात औषधाचा कण औषधाच्याच दुसऱ्या कणाचा हात न धरता आम्लाचा हात धरतो. पाण्यात गेल्यावर आम्ल चटकन निघते आणि औषधालाही सोबत ओढून नेते. हे काम गिरणीतही होते. पण ताई ते माझ्यात करत असे, आणि तेही माझ्या भेगेत जुने औषध मुद्दाम चोळून.

तुम्ही म्हणाल, हा तर वेडेपणा. मी म्हणतो, हीच परीक्षा. गुळगुळीत, निर्मळ भांड्यात कोणीही शहाणे दिसते. जो नवा स्फटिक माझ्या पोटात, त्या दांडग्या जुन्या कणांच्या मध्ये घोटला जाऊनही बदलणार नाही, तोच लोकांच्या ओट्यावर टिकेल. पहिले आम्ल आले, छान जुळले, आणि ओल लागताच जोडीदाराला सोडून पळाले. दुसरे जुळलेच नाही. तिसऱ्याचे स्फटिक सगळ्यांना फार आवडले होते, मी ते दुपारपर्यंत मोडून दाखवले. मी कोणाची गय केली नाही. हळूहळू असे झाले की काही नवे तयार झाले की सहकारी गमतीने विचारत, खल काय म्हणतो? मला फेकायला निघालेलेच मला विचारू लागले. मी त्यांना टोमणा मारला नाही. मारता आला असता तर मारला असता.

त्या काळात धाकटा ताईशी फोनवर तुटक बोलत असे. गोळी घेतली, खाल्ले, ठेवतो. तिचे नाकातले हसू मला कित्येक दिवस ऐकू आले नाही. ती घोटत राही. हात दुखला की हात बदली. थांबावे आणि सुयांना होकार द्यावा, असे तिला वाटले असेलच. तिच्या बोटांतून बत्त्याला ते कळत होते, आणि बत्त्याकडून मला.

शेवटी जमले ते एका अगदी साध्या आम्लाशी, आंबट फळांत असते तशाशी. ताईने ते घोटले, ओलीत ठेवले, पुन्हा घोटले. भेगेतले जुने कण त्याच्यावर तुटून पडले. मी माझ्याकडून काहीही कसर ठेवली नाही. पण औषधाच्या कणाने त्या आम्लाचा हात सोडला नाही. मग ते त्या जुन्या बाटलीत गेले, किटलीच्या वाफेत राहिले आणि तिथून कोमट पाण्याच्या भांड्यात पडले. वल्हे फिरले. पाणी थोडे धुरकट झाले, मग निवळले, आणि तळाशी काहीच उरले नाही.

ह्या वेळी कोणी चहा मागवला नाही. ताई खुर्चीवर बसली आणि तिने मला मांडीवर घेतले.

औषध माणसांपर्यंत पोचायला त्यानंतरही खूप काळ जातो. ते अनेक ठिकाणी तपासले जाते, आणि जावेच. मला विचाराल तर तपासणाऱ्यांनी घाई करू नये. आपली पाळी आली तेव्हा धाकट्याला लहान गोळी मिळाली, इतरांना मिळाली तशीच. आईने फोनवर ताईला चुगली केली की पठ्ठ्याने गोळ्या नव्या बाटलीतून काढून, ताईने दिलेल्या जुन्या गोळ्यांच्याच बाटलीत ओतल्या आहेत, आणि बाटली पुन्हा किटलीशेजारी आली आहे. ताई रागावेल असे मला वाटले. ती नाकातल्या नाकात हसली.

मग बऱ्याच महिन्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, एका सकाळी फाटकापाशी शिडी टेकवल्याचा आवाज आला. प्रयोगशाळेची पाटी फिकी पडली होती आणि ती नव्याने रंगवायची होती. पाटी खाली उतरवता येत नव्हती, ती भिंतीतच बसवलेली होती. माझ्या फळीवरून खिडकीतून सगळे दिसत होते. धाकटा वर चढला होता. ताई खाली शिडी दोन्ही हातांनी धरून उभी होती, बत्ता कधी धरला नसेल इतकी घट्ट.

"ताई, शिडी सोड," तो वरून म्हणाला.

"नाही."

"लोक बघतायत. एक हात तरी सोड."

बराच वेळ गेला. मग तिने एक हात सोडला.

उतरल्यावर उरलेल्या रंगाने धाकट्याने लाकडाची एक बारीक पट्टी रंगवली आणि माझ्या फळीवर ठोकून दिली. त्यावर त्याच्या त्या देखण्या अक्षरात एकच शब्द आहे: परीक्षक. मोठे साहेब येता-जाता तो वाचतात.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून मी रजा घ्यावी, अशी रीत आहे. मी एवढेच म्हणेन की जरा नीट काळजी घ्या. मला धुवायचे असेल तर जे चिकटले आहे ते ज्यात विरघळते त्या द्रवाने धुवा, सवयीने नळाखाली धरू नका. तापलेला असेन तर निवू द्या. आणि कोणी हौशी माणूस लुकण घेऊन माझी भेग भरायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. नवे, चकचकीत, झटपट काही तुमच्या हाती लागले, तर ते बाहेर धाडण्याआधी माझ्याकडे घेऊन या. मी कुठे जात नाही. इथेच फळीवर बसलो आहे, भेग उजेडाकडे करून.